हरणाच्या शिकारीसाठी लिव्हर-अ‍ॅक्शन घ्यायचीय: ३५७ की ४४? (ओहायो)

कुडाळचो

नमस्कार मंडळी.

ओहायोत येऊन बारा वर्षं झाली, ग्रीन कार्ड गेल्या वर्षी हातात पडलं, आणि यंदाच्या गन-वीकला (बंदुकीने हरणाच्या शिकारीचा आठवडा), म्हणजे थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी, स्वतःची रायफल घेऊन मचाणावर बसायचं असं मनाशी पक्कं केलंय. आतापर्यंतचे दोन मोसम उसनवारीवर काढले. सहकाऱ्याच्या वडिलांचं विंटन काउंटीत ऐंशी एकर रान आहे. दर वर्षी ते लेखी परवानगी देतात आणि वर त्यांची १२ गेजची स्लगवाली (छर्र्यांऐवजी एकच जड गोळी झाडणारी) शॉटगनही देतात. पहिल्या वर्षी एक मादी मिळाली, दुसऱ्या वर्षी रिकाम्या हाताने परत आलो.

या हिवाळ्यात माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. मागच्या आठवड्यात तीच शॉटगन घेऊन रेंजवर गेलो. पाच बार काढले आणि रात्री खांद्याला बर्फ लावून बसलो. डॉक्टरांनी शिकार बंद करा असं म्हटलेलं नाही, पण १२ गेज आता नको हे स्पष्ट सांगितलंय.

ओहायोत २०१४ पासून हरणासाठी स्ट्रेट-वॉल (तोंडापर्यंत सरळ भिंतीच्या) काडतुसाच्या रायफली चालतात, कॅलिबर (गोळीचा इंचातला व्यास) .३५७ ते .५०. म्हणून तीस-तीस (.३०-३० विंचेस्टर) बाद, कारण तिचं काडतूस तोंडाशी निमुळतं. माझ्या डोक्यात आहेत ती जुनी पिस्तुली काडतुसं: ३५७ मॅग्नम, ४४ मॅग्नम, ४५ कोल्ट. आणि मला लिव्हर-अ‍ॅक्शनच हवीय (चापाखालचा दांडा खालीवर करून काडतूस चढवायची रायफल). त्यामागे कारण आहे. आजोबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. भात पिकायला आलं की रात्री डुकरं यायची, आजोबा माळ्यावरून हवेत बार काढायचे आणि सकाळी गजाला चिंधी गुंडाळून नळी पुसायचं काम माझ्याकडे असायचं. ती चिंधी काळी निघायची थांबली की मगच आजोबा "पुरे" म्हणायचे. लाकडी दस्ता, उघडा घोडा (बार उडवणारी मागची हातोडी), डोळ्यासमोर नुसती माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा), अशी बंदूक मला कळते. काळ्या प्लॅस्टिकची रायफल दुकानात हातात घेतली आणि परत ठेवली.

मचाणावरून अंतरं मोजून ठेवलीत. ओहोळ ४० यार्ड, जुनं कुंपण ७०. उजवीकडे विजेच्या तारांखालची मोकळी पट्टी आहे ती १३० वर. गेल्या वर्षी सगळी हरणं त्या पट्टीतूनच गेली.

दुकानात तीन हातात धरून बघितल्या: रॉसी आर-९२, मार्लिन १८९४ आणि हेन्री बिग बॉय. रॉसी अगदी फुलासारखी. मार्लिन सुबक, पण किंमत बरीच. हेन्रीची पितळी बघून जीव गेला, पण उचलल्यावर कळलं की ती चांगलीच जड आहे.

तर मला विचारायचंय ते असं. ३५७ हरणाला पुरते का? ४४ चा धक्का माझ्या खांद्याला झेपेल का? ४५ कोल्टचा विचार करावा का? दुर्बीण लावावी की नको? आणखी एक, घरात सहा वर्षांची मुलगी आहे आणि मटण तीही खाते, तेव्हा शिशाच्या गोळीबद्दल कुणाला माहिती असेल तर जरूर सांगा.

लान्सिंगकर

दादा, मी मिशिगनमध्ये नऊ वर्षं ३५७ च वापरतेय. माझी रॉसीच आहे, १६ इंची नळीची, वजन पाच पौंडांच्या आसपास. माझी उंची पाच फूट एक इंच, त्यामुळे लांब दस्त्याच्या बंदुका मला खांद्याला लावताच येत नाहीत. ही लागते. चार हरणं घेतली, चारही साठ यार्डांच्या आत, १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) सॉफ्ट पॉइंट, म्हणजे मऊ टोकाची गोळी, पुढच्या पायाच्या जरा मागे. सगळ्यात लांब पळालेलं हरीण पन्नास-साठ पावलांवर मिळालं.

३५७ बद्दल लोक पिस्तुलाच्या हिशोबाने बोलतात. चार इंची पिस्तुलातून १५८ ग्रेनची गोळी सेकंदाला साडेबाराशे फुटांच्या आसपास निघते. तीच रायफलच्या नळीतून १८०० च्या घरात जाते. आणि सरावाला त्याच रायफलीत ३८ स्पेशल हे सौम्य काडतूस घालता येतं. आवाज कमी, धक्का नावालाच, खर्चही कमी. मी उन्हाळाभर दर पंधरवड्याला पन्नास काडतुसं झाडते. खांदा दुखरा असला की सराव टाळला जातो आणि सराव टाळला की जंगलात नेम चुकतो, म्हणून तुम्हाला माझा सल्ला ३५७ चाच.

फक्त ती १३० यार्डांची पट्टी विसरा. ३५७ ने तिथे मी बार काढणार नाही.

मचाण

कुडाळकर, तुमचा धागा वाचून उत्तर लिहायला रात्रीचा वेळ काढला, कारण यातल्या एका चुकीची किंमत मी मोजलेली नाही, एका हरणाने मोजलीय.

मी मूळचा पुण्याचा, ओहायोत वीस वर्षं. २०१७ च्या गन-वीकचा बुधवार. माझ्याकडे तेव्हा ३५७ होती. नीट रायफल, नीट सराव. काडतुसं मात्र चुकीची. घरात १२५ ग्रेनची हॉलो पॉइंट (पोकळ टोकाची) पडली होती, स्वसंरक्षणासाठी बनवलेली. माणसाच्या अंगात लवकर फुलावी आणि आरपार जाऊ नये यासाठीच ती केलेली असते. मी म्हटलं, ३५७ ती ३५७. संध्याकाळी पावणेपाचला एक मादी आली, ९५ पावलांवर, थोडी तिरकी उभी. बार काढला. ती वाकली, लाथ झाडली आणि पळाली.

अर्धा तास थांबून खाली उतरलो. पहिलं रक्त ओकच्या पानावर, वाटाण्याएवढं, गडद. फुप्फुसाला लागलं की रक्त गुलाबी आणि फेसाळ असतं, हे तसं नव्हतं. पुढचा थेंब दहा पावलांवर, त्यापुढचा तीस पावलांवर. प्रत्येक थेंबाशी टिश्यू पेपरचा तुकडा ठेवत गेलो, म्हणजे मागे वळून बघितलं की दिशेची रेघ दिसते. ओहोळाशी रेघ तुटली. शेजाऱ्याच्या रानात शिरायला त्याच्या दारात जाऊन परवानगी मागितली. तो भला माणूस स्वतः बॅटरी घेऊन आला. रात्री अकरापर्यंत आम्ही दोघं काटेरी झुडपात रांगत होतो.

सकाळी सातला मिळाली. चारशे यार्डांवर. कोयोटींनी मागचा एक पाय खाऊन टाकला होता. सोलताना कळलं की गोळी खांद्याच्या हाडावरच फुटून चपटी झाली होती, छातीत शिरलीच नाही. रात्रीचा किती वेळ ती जिवंत होती याचा विचार मी आजही करतो. टॅग लावला, नोंद केली आणि त्या वर्षी पुन्हा रानात गेलो नाही.

म्हणून लान्सिंगकर ताई सांगतात ते खरं आहे, पण त्यातला "१५८ ग्रेनची सॉफ्ट पॉइंट" आणि "साठ यार्डांच्या आत" हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. ३५७ हरीण पाडते. पण चूक पोटात घालत नाही.

आता आकड्यांकडे बघू. ३५७ ची १५८ ग्रेन गोळी रायफलमधून १८०० च्या वेगाने निघाली तर तोंडाशी साधारण ११०० फूट-पौंडांचा जोर असतो, १०० यार्डांवर तो जवळपास निम्मा होतो. ४४ ची २४० ग्रेन गोळी १७६० ने निघते. तिचा जोर तोंडाशी १६५० आणि १०० यार्डांवर हजाराच्या आसपास. म्हणजे ३५७ ज्या जोराने बंदुकीच्या तोंडातून निघते, त्याहून थोडाच कमी जोर ४४ कडे १०० यार्डांवर शिल्लक असतो. वर गोळी जाड आणि जड, म्हणून हाड लागलं तरी आत जाते, बहुतेक वेळा पलीकडून बाहेर पडते. दोन भोकं म्हणजे दुप्पट रक्तमाग. अंधारात शोधणाऱ्याला याची किंमत कळते.

धक्क्याचं म्हणाल तर सात पौंडांच्या रायफलमध्ये ४४ चा धक्का १२ गेज स्लगच्या निम्म्याहून कमी. पाच पौंडांच्या रायफलमध्ये मात्र तीच ४४ बोचते. तुमच्या बाबतीत इथेच निर्णय होतो असं मला वाटतं. दुकानात हलकी रॉसी आवडते, कारण तिथे आपण ती फक्त उचलतो. मचाणावर रायफल मांडीवर असते, वजन जाणवत नाही. बार काढताना ते वजनच खांदा वाचवतं. पितळी हेन्री पावणेनऊ पौंडांच्या आसपास जाते, ती डोंगरातून वाहून न्यायला जड. पण हेन्रीचीच पोलादी बिग बॉय सुमारे सात पौंडांची आहे. ती बघितलीत का?

४५ कोल्टचं थोडक्यात सांगतो. काडतूस १८७३ च्या काळातलं, सुंदर, आणि दमदार भरलं तर ४४ च्या तोडीचं. पण दुकानाच्या फळीवर मिळतात ती जुन्या पिस्तुलांना झेपतील अशी सौम्य भरलेली. दमदार भरलेली वेगळी शोधावी लागतात आणि ती मजबूत बंदुकीतच घालायची असतात. स्वतः काडतुसं भरणाऱ्यासाठी उत्तम. पहिल्या रायफलीला नको.

१३० यार्डांची पट्टी. ४४ चा नेम शंभर यार्डांवर बसवला तर दीडशेवर गोळी साधारण अर्धा फूट खाली जाते, दोनशेवर दीड फूट. हरणाच्या छातीतली मर्माची जागा जेमतेम आठ इंचांची. १३० वर गणित जमतं, पण ते कागदावर. थंडीत, श्वास चढलेला असताना, उघड्या माशीवर जमेल का हे तुम्हीच ठरवा. मी स्वतः शंभरची लक्ष्मणरेषा आखून घेतलीय. पट्टीतून हरणं जात असतील तर बंदूक बदलू नका, मचाण हलवा. पट्टीच्या कडेला, साठ यार्डांवर, वारा पट्टीकडून तुमच्याकडे येईल असं झाड शोधा.

राहिली शिशाची गोष्ट. शिशाची गोळी फुटते तेव्हा तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर मासात जातात, डोळ्याला दिसत नाहीत. लहान मूल घरात आहे तर अखंड तांब्याची गोळी घ्या. ४४ मध्ये बार्न्सची २२५ ग्रेनची मिळते. महाग आहे, पण मोसमाला लागतात किती? नेम बसवायला दहा-बारा आणि रानात तीन. बाकी सराव स्वस्त काडतुसांवर करा, फक्त शेवटचा नेम तांब्याच्याच गोळीवर बसवा, कारण दोन्ही एकाच जागी लागत नाहीत. आणि ती गोळी तुमच्या रायफलमध्ये न अडकता चढते का हे आधी रेंजवर बघा.

नागपूर_ते_टोलेडो

मचाणकाकांच्या प्रतिसादाला माझं अनुमोदन. दुर्बिणीचं राहिलं म्हणून लिहितो.

रॉसी ही विंचेस्टर १८९२ ची नक्कल आहे, मूळ आराखडा जॉन ब्राउनिंगचा. तिच्यात रिकामं काडतूस वरून बाहेर उडतं, म्हणून नेहमीच्या जागी दुर्बीण बसत नाही. मार्लिन आणि हेन्री बाजूने टाकतात, वरचा भाग बंद असतो, दुर्बीण सरळ बसते. पण बसते म्हणून लावायची असं नाही. शंभरच्या आत मागे पीप साइट आणि पुढे जाड माशी हे जोड मला सगळ्यात आवडतं. गोल भोकातून बघायचं, माशी हरणावर ठेवायची, डोळा मधली जागा आपोआप धरतो. पंचेचाळिशीनंतर जवळची माशी धूसर दिसायला लागली असेल तर मात्र कमी ताकदीची, एक ते चार पटीची छोटी दुर्बीण घ्या. त्यात कमीपणा काही नाही. संधिप्रकाशात हरीण आणि झाडाचा बुंधा यांतला फरक दुर्बिणीत लवकर कळतो.

मार्लिन वापरलेली घ्यायचा विचार असेल तर एक गोष्ट: जुन्या ४४ च्या नळीतला पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचा) ३८ इंचांत एक फेरा असा मंद होता, जड गोळ्या त्यात नीट स्थिर होत नसत. २०२० मध्ये रुगरने मार्लिन विकत घेतली, त्यांच्या नव्या १८९४ मध्ये तो २० इंचांत एक फेरा आहे. नळी बघूनच घ्या.

आणि नळकांडी मॅगझिन (नळीखालची, काडतुसं ठेवायची नळी) असल्यामुळे कडक टोकाच्या अणकुचीदार गोळ्या कधीही नकोत. आत काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर (बुडाच्या ठिणगी देणाऱ्या ठिपक्यावर) टेकतं, धक्क्याने बार उडू शकतो. चपट्या तोंडाची गोळी, किंवा लिव्हर-अ‍ॅक्शनसाठीच बनवलेली मऊ टोकाची.

डेटनवाला

कुडाळकरांना ग्रीन कार्ड आहे म्हणून त्यांना लागू नाही, पण हा धागा एच-वन-बी वरचे लोकही वाचतील म्हणून लिहितोच. माझ्या ओळखीत एकाला याचा मोठा मनस्ताप झालाय.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही. काडतुसंसुद्धा नाहीत. एच-वन, एच-फोर, एफ-वन, सगळे यात आले. याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना. परवाना असेल तर घेता येते, दुकानातल्या ४४७३ नंबरच्या फॉर्मवर तसा प्रश्नही आहे, सोबत परवान्याची प्रत द्यावी लागते. पण परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, आणि कपाटातली रायफल त्या दिवसापासून गुन्हा ठरते. मोसम संपला म्हणून नूतनीकरण विसरायचं नाही. तारीख फोनवर लावून ठेवा. फॉर्मवर चुकीची माहिती देणं हा वेगळा गंभीर गुन्हा आहे आणि त्याने इमिग्रेशनचं सगळं मुसळ केरात जातं. शंका असेल तर आधी तुमच्या इमिग्रेशन वकिलाशी बोला, मग दुकानात जा.

ओहायोचा आणखी एक नियम: गन-वीकमध्ये चेंबर (बार उडतो ती नळीची मागची जागा) आणि मॅगझिन मिळून तीनच काडतुसं. या रायफलींत दहा मावतात, म्हणून मोजून भरा. आणि गाडीत बसताना रायफल पूर्ण रिकामी.

कुडाळचो

सगळ्यांचे मनापासून आभार. मचाणकाका, तुमची २०१७ ची हकीकत बायकोला वाचून दाखवली. आम्ही दोघंही बराच वेळ गप्प होतो. तांब्याच्या गोळीचा निर्णय तिथेच झाला, आणि ३५७ चा मोह मी सोडला. लान्सिंगकर ताई, तुमच्या चार हरणांबद्दल आदरच आहे, पण तुमचा नऊ वर्षांचा हात माझ्याकडे नाही.

एक शंका राहिली. मचाणावरून उतरताना रायफल रिकामी करायची तर मार्लिनमध्ये प्रत्येक काडतूस लिव्हर चालवून बाहेर काढावं लागतं ना? संध्याकाळी बोटं गारठलेली असतात. मला त्याची भीती वाटते.

मचाण

भीती वाटते ते योग्यच आहे. लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये सगळ्यात धोक्याचा क्षण हाच.

मार्लिनमध्ये बाजूच्या फटीतून भरतो, पण काढताना एकेक काडतूस चेंबरमध्ये जाऊन मग बाहेर येतं. बोट चापापासून लांब आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवून केलं तर काही होत नाही, पण तीन वेळा करावं लागतं. हेन्रीमध्ये नळकांड्याच्या टोकाला पितळी नळी असते, ती पिळून वर ओढली की मॅगझिनमधली काडतुसं ओंजळीत ओतता येतात, मग चेंबरमधलं एकच उरतं. पूर्वी हेन्रीत भरायचंही तिथूनच लागायचं, आता साइड गेटवाल्या आहेत, म्हणजे भरायला बाजूची फट आणि रिकामं करायला पुढची नळी. तुमच्या खांद्याला, तुमच्या शंकेला, दोन्हीला तीच उत्तर आहे असं मला वाटतं.

दुसरं, घोडा उतरवणं. हरीण आलं, घोडा मागे ओढला आणि हरीण निघून गेलं, तर भरलेल्या काडतुसावर घोडा हळूच खाली आणावा लागतो. ओला हातमोजा असेल तर घोडा सटकतो. मी अंगठ्यावरचा मोजा कापून टाकलाय. घरी रिकाम्या रायफलवर, दोनदा तपासून, हे रोज वीस वेळा करा. डोळे मिटून जमलं पाहिजे. रानात मात्र कितीही सराव असला तरी नळी जमिनीकडे किंवा समोरच्या मोकळ्या उतारावर ठेवूनच.

आणि रायफल मचाणावर घेऊन चढू नका. रिकामी करून दोरीला बांधा, वर बसा, अंगाला सुरक्षेचा पट्टा लावा, मग ओढून घ्या.

लान्सिंगकर

मोज्याचं अगदी बरोबर. मी अंगठा आणि पहिलं बोट, दोन्हीकडचं कापलंय. कापलेल्या कडेला नेलपॉलिशचा थर द्या, उसवत नाही.

४४ घेतलीत तर सरावाला ४४ स्पेशल बघा. ३८ एवढी स्वस्त नाहीत, पण खांद्याला खूप सौम्य.

कुडाळचो

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय.

हेन्री बिग बॉय, पोलादी, साइड गेट, ४४ मॅग्नम घेतली. पार्श्वभूमीची तपासणी दुकानातच झाली, तासाभरात हातात मिळाली. पितळीकडे एकदा बघून घेतलं आणि मग पाठ केली.

पहिल्या दिवशी फक्त ४४ स्पेशल, चाळीस बार. खांदा जाणवला, पण दुखला नाही. दुसऱ्या रविवारी मॅग्नम, २४० ग्रेन, पंधरा. तिथे कळलं की दस्ता सैल धरला तर लागतो आणि खांद्यात घट्ट रोवला तर नुसता ढकलतो. डॉक्टरांना विचारून घेतलं, आठवड्याला वीसवर जायचं नाही असं ठरलं. रात्री बर्फ लावायला लागला नाही.

मागे पीप साइट बसवून घेतली. तांब्याच्या गोळ्यांनी बसून, गुडघ्यावर कोपर टेकवून, ५० यार्डांवर पाच गोळ्या माझ्या तळहाताखाली झाकल्या जातात. ७५ वर चार झाकल्या जातात, पाचवी करंगळीच्या बाहेर. शंभरवर कधी जमतं, कधी नाही. म्हणून माझी रेषा शंभरची नाही, ऐंशीची.

गेल्या शनिवारी सहकाऱ्याच्या वडिलांबरोबर रानात जाऊन मचाण हलवलं. म्हातारे ७८ वर्षांचे, पण शिडी त्यांनीच धरली. वीजतारांच्या पट्टीच्या कडेला एक जुनं हिकरीचं झाड आहे, तिथून पट्टीची वाट ५५ यार्डांवर येते. पश्चिमेचा वारा तोंडावर. खाली मातीत खुरांचे ताजे ठसे होते, आणि एका कोवळ्या झाडाची साल नराने शिंगं घासून सोललेली, आतलं लाकूड अजून ओलं. मी बोट लावून बघितलं.

ऐंशी यार्डांवर चारी दिशांना झाडांना नारिंगी पट्ट्या बांधून आलो. त्या नारिंगी पट्ट्यांपलीकडे काहीही उभं असलं तरी घोडा मागे जाणार नाही.

मचाण

पट्ट्या प्लॅस्टिकच्या असतील तर बदला. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा दिसत नाही, पण वाऱ्यात फडफडणारं काहीही दिसतं आणि ऐकूही जातं. सुती चिंधी घ्या, बुंध्याला घट्ट गुंडाळा, टोकं आत खोचा. आणि आत्ताच जाऊन करून या, गन-वीकच्या आधीच्या पंधरवड्यात त्या रानात पाऊल टाकू नका.